यूझनेट आणि नवागत

एखाद्या जुन्या गावात नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्या मनुष्यास पहिले काही दिवस अवघड जातात. पाणी केव्हा येते, वाण्याकडे उधारी चालते की नाही, पारावर कोणी कोठे बसावयाचे, ह्या गोष्टी कोठेही लिहून ठेवलेल्या नसतात; पण त्या सर्वांना ठाऊक असतात. नवागत चुकतो. कोणी त्याला हसतो, कोणी त्याच्यावर रागावतो, आणि एखादा शेजारी त्याला बाजूस घेऊन चार गोष्टी समजावून सांगतो. संगणकांच्या जगातही अशी जुनी गावे आहेत. यूझनेट हे त्यांपैकी एक फार मोठे गाव. ते १९८० पासून नांदते आहे, त्याची वस्ती आज पुष्कळच विरळ झाली आहे, पण ते ओस पडलेले नाही. ह्या गावात प्रथम पाऊल टाकणाऱ्याने काय जाणून घ्यावे, आणि नवागतांना शिकविण्याची तेथील रीत कशी घडली व कशी मोडली, हे ह्या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. यूझनेटवरील विषयवार विभागांना इंग्रजीत ‘न्यूजग्रुप’ म्हणतात. त्याचे ‘वृत्तसमूह’ असे भाषांतर केल्यास वाचकाचा हमखास गैरसमज होईल. कारण तेथे वृत्त असे फारसे नसतेच. असतात ते प्रश्न, उत्तरे, वाद आणि विनोद. म्हणून आम्ही येथे ‘चर्चागट’ हा शब्द वापरला आहे. चर्चागटात लिहिलेल्या प्रत्येक मजकुरास, मग तो एका ओळीचा का असेना, ‘लेख’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो मात्र आम्ही तसाच ठेवला आहे.

आता ह्या गावाची वसाहत कशी झाली ते पाहू. १९७० च्या दशकात अमेरिकेत आर्पानेट नावाचे संगणकांचे जाळे अस्तित्वात होते. परंतु संरक्षण खात्याशी ज्यांचा संशोधनाचा करार असे, अशाच संस्थांना त्यात प्रवेश मिळे. इतर विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी ते दुरूनच पाहावयाचे. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस हे दोन पदव्युत्तर विद्यार्थी होते. १९७९ साली त्यांच्या मनात असे आले की, युनिक्स ह्या कार्यप्रणालीबरोबर नुकतीच एक सोय आली आहे, तिच्या साहाय्याने एक संगणक दुसऱ्या संगणकाला दूरध्वनी करून त्याच्याकडे कागदपत्रे पाठवू शकतो. मग हिचाच उपयोग करून आपण आपले जाळे का विणू नये? ह्या सोयीचे नाव यूयूसीपी. जवळच असलेल्या चॅपेल हिल येथील विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन ह्या विद्यार्थ्याने पहिला कार्यक्रम लिहिला. पुढे स्टीव्ह डॅनियल ह्याने तो सी भाषेत नव्याने रचला. १९८० च्या जानेवारीत युनिक्स वापरणाऱ्यांच्या एका परिषदेत ही योजना जाहीर करण्यात आली. फार तर शंभर संगणक सामील होतील आणि दिवसाला एक-दोन लेख येतील, अशी त्या वेळी निर्मात्यांची अटकळ होती. ‘गरिबांचे आर्पानेट’ हे यूझनेटला पडलेले नाव त्याच्या जन्मकथेस अगदी साजेसे आहे.

ह्या जाळ्याची रचना नीट समजून घेणे अगत्याचे आहे. कारण नवागताला पाळावे लागणारे बहुतेक नियम तिच्यातूनच निघाले आहेत. यूझनेटला मध्यवर्ती कचेरी नाही. समजा, मुंबईतील एका संगणकावर आपण लेख लिहिला. तो प्रथम त्याच संगणकावर साठविला जातो. मग तो संगणक आपल्या शेजारच्या दोन-चार संगणकांना त्याची प्रत देतो, ते आपापल्या शेजाऱ्यांना देतात, आणि अशा रीतीने पुराचे पाणी शेतांतून पसरावे तसा तो लेख सर्वत्र पसरतो. येथे वाचकाच्या मनात शंका येईल, की मग तोच लेख फिरून फिरून परत का येत नाही? त्यावर दोन साधे उपाय योजलेले आहेत. प्रत्येक लेखाला जगात एकमेव असा क्रमांक असतो, आणि आलेल्या क्रमांकांची नोंदवही प्रत्येक संगणक ठेवतो. नोंदलेला क्रमांक पुन्हा आला तर तो लेख नाकारला जातो. शिवाय लेखाच्या माथ्यावर, तो ज्या ज्या संगणकातून गेला त्यांची नावे टपालाच्या शिक्क्यांप्रमाणे एकापुढे एक चढत जातात. त्या नावांत शेजाऱ्याचे नाव आधीच असेल, तर त्याला ती प्रत पाठविण्याचे कारणच उरत नाही. इतकी सोपी युक्ती, पण तिच्यावर हे जाळे चाळीस वर्षांहून अधिक काळ चालले आहे. लेख साठवून पुढे देणाऱ्या ह्या संगणकांना आज ‘सर्व्हर’ म्हणतात. १९८६ साली त्यांच्यातील देवघेवीसाठी एनएनटीपी नावाचा नियमसंच ठरविण्यात आला, आणि दूरध्वनीच्या जागी हळूहळू इंटरनेट आले.

ह्या रचनेमुळे दोन गोष्टी ओघानेच येतात. एक म्हणजे, लेखाचा खर्च लिहिणाऱ्यावर पडत नाही. ज्या ज्या संस्थेच्या संगणकावर तो जाऊन पोहोचतो त्या प्रत्येकीवर तो पडतो. प्रारंभीच्या काळात हा खर्च रात्रीच्या वेळी केलेल्या दूरध्वनींचा असे, आणि तो विद्यापीठे व काही मोठ्या कंपन्या मुकाट्याने सोशीत असत. लॅरी वॉल ह्यांनी १९८४ साली लेख वाचण्याचा ‘आरएन’ नावाचा कार्यक्रम लिहिला. त्याच्या जोडीला लेख पाठविण्याचा जो कार्यक्रम होता, तो पाठविणाऱ्यास आधी बजावीत असे की, हा मजकूर हजारो संगणकांवर जाणार असून त्यापायी लोकांचे शेकडो, कदाचित हजारो डॉलर खर्च होतील. आणि मग ‘तुमचा निश्चय झाला आहे ना?’ अशा अर्थाचा प्रश्न विचारी. असा दरडावणारा द्वारपाल आजच्या कार्यक्रमांत आढळत नाही, ही उणीव आहे असे आम्हांस वाटते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एकदा सुटलेला लेख परत बोलाविता येत नाही. लेख रद्द करण्याची सूचना पाठविता येते खरी, पण ती मानावी की नाही हे ज्या त्या सर्व्हरवर अवलंबून असते, आणि पुष्कळ सर्व्हर ती मानीत नाहीत. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात काम करणाऱ्या हेन्री स्पेन्सर ह्यांनी १९८१ पासून १९९१ पर्यंतचे लेख चुंबकीय फितींवर साठवून ठेवले होते. त्या १४१ फितींवर सुमारे वीस लक्ष लेख निघाले, आणि २००१ साली ते सर्वांना वाचावयास खुले झाले. आपण रागाच्या भरात लिहिलेल्या चार ओळी वीस वर्षांनी कोणी वाचील, हे त्या लेखकांच्या स्वप्नातही नसेल.

मध्यवर्ती कचेरी नाही, मग गावाची शिस्त राखणार कोण? ह्याचे उत्तर एकच होते: जुन्यांनी नव्यांस शिकवावयाचे. विद्यापीठांचे वर्ष अमेरिकेत सप्टेंबरमध्ये सुरू होते. दर सप्टेंबरात नव्या विद्यार्थ्यांना संगणकावर खाते मिळे, आणि त्यांची एक लाटच यूझनेटवर येऊन थडके. तेच ते प्रश्न, चुकीच्या गटात चुकीचे लेख, मोठ्या अक्षरांतील आरडाओरडा! जुनी मंडळी कपाळाला हात लावीत, पण समजावून सांगत. दोन-तीन महिन्यांत काही विद्यार्थी कंटाळून निघून जात, उरलेले गावकरी होत, आणि पुढच्या सप्टेंबरात तेच इतरांना शिकवू लागत. ह्या चक्रावर सारी व्यवस्था उभी होती.

शिकविण्याची साधनेही मोठी नमुनेदार होती. केवळ नवागतांसाठी एक स्वतंत्र गट होता. त्याचे नाव न्यूज.अनाउन्स.न्यूयूझर्स. त्यात नियम, संकेत व इतिहास सांगणारे ठराविक लेख पुन्हा पुन्हा प्रसिद्ध होत, आणि जीन स्पॅफर्ड ह्यांनी अनेक वर्षे त्यांची जपणूक केली. चक व्हॉन रोस्पाख ह्यांनी लिहिलेली प्रवेशिका त्यांत होती. ब्रॅड टेम्पलटन ह्यांनी तर उलटा मार्ग स्वीकारला. शिष्टाचारावर लिहिणाऱ्या एमिली पोस्ट ह्या प्रसिद्ध लेखिकेच्या नावावरून त्यांनी ‘एमिली पोस्टन्यूज’ नावाची एक काल्पनिक बाई निर्माण केली. ही बाई प्रत्येक प्रश्नाला अगदी गंभीर चेहऱ्याने चुकीचा सल्ला देते. आणि वाचक हसता हसता बरोबर काय ते शिकतो. उपदेश गळी उतरविण्याची ही रीत आपल्याकडील कीर्तनकारांस अपरिचित नाही.

परंतु सर्वांत टिकाऊ साधन म्हणजे ‘एफएक्यू’, अर्थात वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे. गटातील एखादा जाणता गृहस्थ असे प्रश्न व त्यांची उत्तरे एकत्र करी, इतरांकडून दुरुस्त्या घेई, आणि तो संग्रह बहुधा महिन्यातून एकदा गटात प्रसिद्ध करी. अशा सर्व संग्रहांसाठी न्यूज.आन्सर्स हा निराळा गट निघाला आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये त्यांचे भांडार ठेवण्यात आले. आज कोणत्याही कचेरीच्या माहितीपत्रकात ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’ हा मथळा दिसतो. त्याचा प्रसार मुख्यतः यूझनेटने केला, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

ही व्यवस्था मोडली ती कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे, तर संख्येमुळे. १९९३ च्या सुमारास घरगुती ग्राहकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या अमेरिकन कंपन्यांनी यूझनेटचा दरवाजा आपल्या ग्राहकांस उघडला. अमेरिका ऑनलाइन ह्या मोठ्या कंपनीचे ग्राहक १९९४ च्या मार्चमध्ये आले. आता लाट वर्षातून एकदा येईना. ती रोजच येऊ लागली. शिकविणारे तेवढेच आणि शिकणारे शेकडो पटींनी अधिक, अशी स्थिती झाली. शिवाय विद्यार्थ्याला निदान आपल्या विद्यापीठाचा धाक असे. ह्या नव्या मंडळींस तोही नव्हता. १९९४ च्या जानेवारीत डेव्ह फिशर ह्याने लिहिले की, १९९३ चा सप्टेंबर हा कधीच न संपलेला सप्टेंबर म्हणून इतिहासात ओळखला जाईल. तेव्हापासून ‘अखंड सप्टेंबर’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. ह्यात जुन्या मंडळींचा थोडा अहंकारही आहे, हे कबूल केले पाहिजे. पूर्वी आर्पानेटच्या दाराबाहेर उभे राहिलेलेच आता दारात उभे राहून नव्यांकडे तिरस्काराने पाहू लागले होते. तथापि शिकविण्याच्या शक्तीला मर्यादा असते, आणि ती ओलांडली गेली, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती.

त्याच वर्षी एक प्रकार असा घडला, की त्यावरून यूझनेटचा एक तांत्रिक नियम चांगला समजतो. एकच लेख दोन-तीन गटांशी संबंधित असेल, तर त्या सर्व गटांची नावे एकाच लेखाच्या माथ्यावर लिहावयाची असतात. मग सर्व्हरवर प्रत एकच राहते, आणि वाचकाने एका गटात तो वाचला की दुसऱ्या गटात त्याचा कार्यक्रम तो पुन्हा दाखवीत नाही. उलट, तोच मजकूर प्रत्येक गटात वेगळा पाठविल्यास तितके वेगळे लेख होतात आणि वाचकाला ते सर्व पाहावे लागतात. १२ एप्रिल १९९४ रोजी ॲरिझोना राज्यातील दोन वकिलांनी अमेरिकेत स्थायिक होण्याच्या परवान्याच्या सोडतीविषयी आपली जाहिरात पाच हजार पाचशेहून अधिक गटांत अशी वेगवेगळी पाठविली. ज्याने दहा गट वाचले त्याला ती दहा वेळा दिसली. वकिलांना संतापलेल्या लोकांचा उत्तरांचा मारा सहन करावा लागला. पण जाहिरातबाजांना मात्र वाट सापडली ती सापडलीच.

पुढे लोक हळूहळू अन्य ठिकाणी पांगले. ज्या ड्यूक विद्यापीठात यूझनेट जन्मास आले, त्याने २०१० च्या मे महिन्यात आपला सर्व्हर बंद केला. गूगल कंपनीने २००१ पासून जुन्या लेखांचा संग्रह ठेवून लेखनाचीही सोय दिली होती. तिने २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूझनेटची नवी देवघेव थांबविली, जुना संग्रह मात्र वाचावयास ठेवला. ह्यामुळे काहींना दुःख झाले. परंतु जाहिरातींचा बराचसा गाळ त्याच वाटेने येत असल्यामुळे गटांत राहिलेल्यांनी समाधानाचा सुस्काराही सोडला.

अशा गावात आज ज्याला जावयाचे आहे, त्याला दोन वस्तू लागतात: लेख वाचण्याचा कार्यक्रम आणि सर्व्हरवर प्रवेश. थंडरबर्ड हा टपालाचा परिचित कार्यक्रम ह्या कामी चालतो. पॅन, एसएलआरएन, टिन हे खास ह्याच कामाचे आहेत. सर्व्हरांपैकी काही पैसे घेतात. केवळ मजकुराचे गट मोफत देणारेही आहेत. त्यांतील एका प्रसिद्ध सर्व्हरचे नावच ‘इटर्नल सप्टेंबर’, म्हणजे अखंड सप्टेंबर, असे आहे. तेथे नोंदणी करावी लागते. कार्यक्रमात सर्व्हरचे नाव, आपले खाते व परवलीचा शब्द भरला की गटांची लांबलचक यादी उतरते.

ही यादी पाहून घाबरू नये. गटाचे नाव पत्त्याच्या उलट क्रमाने, मोठ्याकडून लहानाकडे वाचावयाचे असते. कॉम्प.लँग.सी ह्यात कॉम्प म्हणजे संगणक, लँग म्हणजे भाषा, आणि सी ही त्यांतील एक भाषा. १९८६-८७ मध्ये सर्व गटांचे नव्याने बारसे करण्यात आले आणि संगणक, विज्ञान, समाज, करमणूक, वादविवाद, यूझनेटची स्वतःची व्यवस्था आणि संकीर्ण असे सात वंश ठरले. मानव्यविद्यांचा आठवा वंश १९९० च्या दशकात आला. ह्यांव्यतिरिक्त ‘अल्ट’ हा मोकाट वंश आहे, तेथे गट काढण्यास कोणाची संमती लागत नाही. भारतीय समाजाविषयीचा सॉक.कल्चर.इंडियन हा गट एके काळी फार गजबजलेला असे, आणि त्याची सॉक.कल्चर.इंडियन.मराठी ही शाखाही होती. त्या काळी लेखांत रोमन लिपीच्या सात बिटांच्या, म्हणजे अवघ्या १२८ चिन्हांच्या, संचावर भिस्त असल्यामुळे तेथील मराठी रोमन अक्षरांतच लिहिली जाई. आता देवनागरीतील लेख पाठविता येतो.

गट निवडल्यावर लगेच लिहावयास बसू नये. निदान दोन-तीन आठवडे नुसते वाचावे. कोण कोणत्या विषयातील जाणकार आहे, कशावर वाद पेटतो, कशाचा कंटाळा आलेला आहे, हे वाचनानेच कळते. एफएक्यू असेल तर तो आधी पाहावा, आणि जुन्या संग्रहात आपला प्रश्न शोधावा. गट ओस पडलेला असेल तर तेही ह्यात उमगते. आज असे ओस गट पुष्कळ आहेत.

प्रश्न कसा विचारावा, ह्याचे एक उत्तम उदाहरण १९९१ सालचे आहे. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोर्व्हाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी कॉम्प.ओएस.मिनिक्स ह्या गटाचा वाचक होता. ३ जुलै रोजी त्याने एक लहानसा प्रश्न विचारला: मिनिक्सवर मी एक काम करीत आहे, त्यासाठी पॉसिक्स ह्या मानकाचे नियम संगणकाला वाचता येतील अशा स्वरूपात कोठे मिळतील? बस्स, इतकेच. आपण काय करीत आहोत आणि नेमके काय हवे आहे, ह्या दोन्ही गोष्टी त्यात आल्या. २५ ऑगस्टला त्याने दुसरा लेख लिहिला. मी हौसेखातर एक कार्यप्रणाली तयार करीत आहे, ती मिनिक्सशी काहीशी मिळतीजुळती आहे, तरी मिनिक्समधील काय आवडते व काय आवडत नाही ते कळवा, असा त्याचा आशय होता. आतापर्यंत काय साधले आहे आणि काय साधणार नाही असे वाटते, हेही त्याने मोकळेपणाने सांगितले. हीच पुढे लिनक्स ह्या नावाने जगभर गेली. लेखातील नम्रता खोटी नव्हती. वाचणाऱ्यांचा वेळ आपण मागत आहोत ह्याची त्याला जाण होती.

नवागताने एवढे धोरण ठेवले तरी पुरे. विषयाच्या ओळीत ‘मदत करा’ असे न लिहिता अडचण लिहावी. ओळी सुमारे ७२ अक्षरांच्या आत तोडाव्यात, कारण जुन्या पडद्यांवर ८०च अक्षरे मावत आणि ती सवय अद्याप टिकून आहे. उत्तर देताना मूळ लेखातील आवश्यक तेवढाच भाग ठेवून त्याच्या खाली आपले म्हणणे मांडावे. संपूर्ण लेख उतरवून शेवटी ‘सहमत’ एवढेच लिहिणाऱ्याची तेथे फार चेष्टा होते. नावाखालील ओळी चारपेक्षा अधिक नसाव्यात. कोणी मुद्दाम डिवचीत असेल तर उत्तर न देता त्याचे नाव आपल्या कार्यक्रमाच्या वगळण्याच्या यादीत घालावे. मग त्याचे लेख आपणास दिसतच नाहीत. आपला घरचा पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक लेखात कधीही देऊ नये. स्पेन्सर ह्यांच्या फितींची गोष्ट येथे आठवावी.

कार्यक्रम नीट चालतो की नाही हे पाहण्यासाठी चाचणीचा लेख भलत्याच गटात पाठवू नये. त्यासाठी मिस्क.टेस्ट हा गट राखून ठेवलेला आहे. तेथे काहीही लिहिले तरी कोणी रागावत नाही. मग खऱ्या गटात पहिला प्रश्न पाठवावा आणि वाट पाहावी. ह्या गावात उत्तर तासाभरात येईल असे नाही. दोन दिवस लागतील, कधी आठवडाही लागेल. तेवढ्यात तोच प्रश्न दुसऱ्यांदा पाठवू नये. उत्तर आल्यावर सांगितलेला उपाय करून पाहावा, आणि तो लागू पडला की नाही हे त्याच लेखाच्या खाली दोन ओळींत कळवावे, म्हणजे पुढे कधी तीच अडचण घेऊन संग्रह धुंडाळणाऱ्या माणसास प्रश्नाबरोबर त्याचा निकालही सापडेल.